राहून गेलेले एक पडणे

प्रति,
रावसाहेब श्रीपादराव,
मामलेदार, तालुके कल्याण,
मुक्काम कल्याण.

अर्जदारीण: गोदूबाई, कन्या कै. विश्राम वस्ताद, शिक्षिका, मुलींची शाळा. राहणार तळ्याच्या काठी, तालमीशेजारी, कसबे कल्याण.

विषय: येत्या नागपंचमीच्या पहाटे तालमीच्या मातीत एकदा पडण्याबाबत.

संदर्भ: कै. विश्राम वस्ताद यांच्या स्मरणशिलेवरील मजकुराविषयी गावातील प्रतिष्ठित गृहस्थांनी आपल्याकडे दिलेले अर्ज. ते किती आहेत हे अर्जदारणीस ठाऊक नाही, कारण ते अद्याप येतच आहेत.

रावसाहेब,

१. अर्जात बाईच्या नावापुढे तिच्या यजमानांचे नाव घालण्याचा शिरस्ता अर्जदारणीला माहीत आहे. तिचे यजमान रेल्वेच्या मालधक्क्यावर नोकरीस आहेत, सुखरूप आहेत, आणि त्यांची या अर्जाला ना नाही. परंतु हे प्रकरण वडिलांच्या पाठीसंबंधीचे आहे, म्हणून तिने लेकीच्या नात्याने नाव घातले आहे. कचेरीबाहेर अर्ज लिहून देणाऱ्या कारकुनाकडे ती मुद्दाम गेली नाही. तोही वडिलांचा शिष्य. अर्जदारीण वाचते फार, असा तिच्यावर गावात जुना आरोप आहे आणि तो खरा आहे. परंतु सरकारात अर्ज करण्याची ही पहिलीच वेळ, तेव्हा लिहिण्यात कमीजास्त झाल्यास पोटात घालावे.

२. विश्राम वस्तादांनी तळ्याकाठच्या तालमीत उभा जन्म मुले घडवली आणि गेल्या फाल्गुनात ते वारले, हे आपणास सांगायला नको. आपणही त्याच मातीत वाढलात. त्यांची शिकवण्याची रीत आपल्याला पक्की ठाऊक आहे असे सगळ्या गावाला वाटते. आवाज चढवायचा नाही. शाबासकी तुपासारखी वाढायची, पळीच्या टोकाने. आणि पोरगा पडला की त्याच्याकडे न बघता आधी वाकून माती हाताने सारखी करायची. अर्जदारणीने लहानपणी एकदा दारातून विचारले होते की बाबा, आधी मुलाला का उठवत नाही? ते म्हणाले, "मूल आपलं आपण उठतं. खळगा राहिला तर मात्र ते त्याच्याकडेच बघत बसतं."

त्यांना अक्षरओळख बेताची होती. संध्याकाळी अर्जदारीण पोथी वाची आणि ते ऐकत. युद्धात कोणी पडला की ते हात वर करून वाचन थांबवीत आणि विचारीत, "याला शिकवलं कुणी?" ज्याने मारले त्याची चौकशी त्यांनी कधी केली नाही.

३. वडिलांच्या तेराव्याला समाचारासाठी मंडळी आली, तेव्हापासून प्रकरणाला तोंड फुटले. सर्वांच्या आधी मिठागराचा मारुती आला. दारातून आडवे होऊन आत यावे लागते एवढा त्याचा देह. त्याने ओसरीवर बसून डोळे पुसले, आजूबाजूला पाहिले आणि खाली वाकून म्हणाला, "बाय, कोनाला बोलू नको हां. वस्तादाच्या इज्जतीचा सवाल हाय. पन एक टायमाला मीनी त्यांना चीत केलेलं. पाठ टेकली. माज्या डोल्यांनी बघितली." एवढे बोलून तो पुन्हा रडला. मात्र दुसऱ्या खेपेच्या रडण्यात थोडे सुख होते.

त्यानंतर वैद्यबुवा आले. ते म्हणाले, "गोदू, माझ्या हातून एकदा तुझ्या वडिलांचा अपराध घडला होता. नागपंचमीची पहाट होती. मी त्यांना आस्मान दाखवलं." अपराध हा शब्द त्यांनी ज्या आवाजात उच्चारला त्या आवाजात लोक मुलगा परीक्षेत पहिला आल्याचे सांगतात.

मग वकीलसाहेब आले. ते म्हणाले, "बाई, कोर्टात विचारलंत तर मी नाही म्हणेन, पण इथे शपथेवर सांगतो." आणि सांगितले. पाठोपाठ स्टेशनातले बुकिंग क्लार्क आले. ते हडकुळे आणि भिडस्त. ते म्हणाले, "गोदूताई, मी कसला पैलवान! पण त्या पहाटे काय झालं देव जाणे. मी टांग लावली आणि वस्ताद आडवे. मी इतका घाबरलेलो की नमस्कार करायचं विसरून घरी पळालेलो."

असे दिवसभर चालले. प्रत्येकाने आवाज खाली आणला, प्रत्येकाने आखाड्याची आण मोडल्याबद्दल कानाला हात लावला, आणि प्रत्येकाने सांगितले की हे मी एकट्यानेच केले आहे. अर्जदारणीने सर्वांना एकच उत्तर दिले, "असं का? बाबा कधी बोलले नाहीत हो." हे अक्षरशः खरे होते.

४. पुढे शिष्यमंडळींनी तालमीच्या दाराशी वडिलांच्या नावाची शिला बसवण्याचे ठरवले. तालमीची जागा सरकारी, म्हणून आपली परवानगी मागितली आणि आपण ती आनंदाने दिली. पाथरवट मजकूर विचारायला आला तेव्हा तळ्यावरच्या पिंपळाखाली सभा भरली. "ज्यांची पाठ कधीही कोणी भुईला लावली नाही ते अजिंक्य विश्राम वस्ताद," असा मजकूर एका तरुणाने वाचून दाखवला. सर्वांनी माना डोलावल्या. मग वैद्यबुवांनी घसा साफ केला.

"मजकूर उत्तम आहे," ते म्हणाले, "फक्त दगडावर कोरायचं म्हणजे सत्याला धरून असावं. एखादा अपवाद..."

"अपवाद?" मारुती उभा राहिला. "वैद्यबुवा, तुमाला कसा कलला?"

"मला कसं म्हणजे? तुला काय माहीत आहे?"

वकीलसाहेबांनी दोघांना खाली बसवले आणि कायद्याच्या भाषेत खुलासा केला की असा अपवाद घडलेला आहे, परंतु तो या दोघांशी संबंधित नाही. त्यावर स्टेशनातले क्लार्क आयुष्यात प्रथमच चारचौघांत उभे राहिले आणि म्हणाले, "मी पाडलेलं. मी." मारुतीने त्यांच्याकडे खालून वर पाहिले. "ह्यो? अरं, तिकिटावर शिक्का मारला तं हात दुखतो याचा!"

त्यापुढचे वर्णन करण्याची आवश्यकता नाही. ते आपल्याकडे आलेल्या अर्जांतून निरनिराळ्या हस्ताक्षरांत सविस्तर आलेलेच आहे. वैद्यबुवा आणि वकीलसाहेब हल्ली एकमेकांशी बोलत नाहीत. वकीलसाहेबांना खोकला झाला तर ते औषधासाठी ठाण्याला जातात. प्रत्येकाचे मागणे एकच आहे: शिलेवर "एक अपवाद वगळता" असे कोरावे आणि त्या अपवादाच्या जागी आपले नाव घालावे. आपण एकटे खरे आणि बाकीचे सगळे थापाडे, अशी त्यांतील प्रत्येकाची खात्री आहे. सगळेच खरे असतील, ही शंका इतक्या शहाण्या माणसांत एकालाही आलेली नाही.

५. सबब, ते सगळे खरे आहेत, हे अर्जदारीण येथे नमूद करते.

तिला हे कोणी सांगून कळलेले नाही. बायकांनी तालमीत पाऊल टाकायचे नाही, हा नियम तिने कधी मोडला नाही. परंतु तिची आई लवकर गेली, आणि तेव्हापासून वडिलांच्या आंघोळीचे पाणी तापवणे आणि पाठ चोळणे हे काम तिच्याकडे होते. वर्षभर वडिलांच्या अंगावर माती असे ती गुडघ्यांना, कोपरांना, छातीला. पाठ कोरी. नागपंचमीच्या पहाटे मात्र ते तालमीचे दार आतून लावून एखाद्या मुलाबरोबर एक कुस्ती खेळत, आणि त्या दिवशी त्यांच्या पाठीवर दोन्ही खांद्यांपासून कमरेपर्यंत लाल माती थापलेली असे. दरवर्षी मुलगा दुसरा असे. पाठ तीच. पहिल्या वर्षी अर्जदारणीने विचारले, "बाबा, पडलात?" ते म्हणाले, "पाणी घाल, गार होतंय." त्यानंतर तिने विचारले नाही.

मुलगा बाहेर येई तेव्हा त्याच्या हातात नवा लाल लंगोट असे आणि आत काय झाले ते न सांगण्याची आण त्याने घेतलेली असे. त्याची चाल बदललेली असे. त्या चालीवरून, बाजारात मागून पाहूनसुद्धा, कोणाची नागपंचमी झाली आहे आणि कोणाची व्हायची आहे, हे अर्जदारणीला ओळखता येई.

६. आता नवे वस्ताद दगडू यांच्याविषयी. ते साताऱ्याकडचे. अंगाने बलदंड, वागणुकीने स्वच्छ, शिस्तीचे कडक. त्यांच्याविरुद्ध हा अर्ज नाही, हे कृपया ध्यानात घ्यावे. त्यांची रीत मात्र उलटी आहे. ते रोज प्रत्येक मुलाला धरतात, रोज पाडतात, आणि उठवताना सांगतात, "अजून कच्चा." मुले पक्की व्हावीत हीच त्यांची मनापासून इच्छा आहे. परंतु चैत्रापासून तळ्याच्या बाजूने तालमीचे आवाज ऐकणाऱ्या अर्जदारणीच्या कानाला एक फरक जाणवला. आधी झटापटीचा आवाज येई आणि मग पडण्याचा. हल्ली झटापटीचा आवाज येत नाही.

मुले हात लागण्याच्या आधीच पडू लागली आहेत.

त्यांत आंबिवलीचा बाळ आहे. त्याची आई मालन कल्याणच्या बाजारात भाजी विकते. पोरगा हाडापेराने मोठा, गुणी, आणि वडिलांचा शेवटचा लाडका. पण त्यांचा लाडका असणे म्हणजे काय ते आपण जाणता: त्याच्या वाट्याला सर्वांत जास्त बैठका येत. गेल्या आठवड्यात मालन भाजीचा हारा दाराशी उतरवून बसली. म्हणाली, "बाय, माजा पोर रस्त्यानं चालतो तो पन पडल्यावानी चालतो. कालचा हारा उचल बोलली तं बोलतो, आये, नाय जमाचा मना. आवं, हाच हारा त्यो गेल्या साली एका हातानं उचलायचा! काय झालं त्याला? नजर लागली का?"

दगडू वस्तादांनी जाहीर केले आहे की यंदा नागपंचमीला दार उघडे ठेवून, गावासमोर, ते प्रत्येक मुलाशी एक कुस्ती खेळतील, आणि जो पहिल्याच पकडीत पडेल त्याचे नाव तालमीतून कमी करतील. कोणाचे नाव कमी होणार हे बाळला आजच ठाऊक आहे. त्याने आपला जुना लंगोट धुऊन, घडी घालून आईजवळ देऊनही टाकला आहे.

७. हे एरवी अर्जदारणीने मनाला लावून घेतले नसते. जगात पुष्कळ मुले पुष्कळ ठिकाणी पडतात. परंतु वडिलांचे शब्द तिच्याकडे आहेत. आजारात वैद्यबुवांनी त्यांना उताणे निजण्यास सांगितले होते. वडील आयुष्यभर कुशीवर झोपले. ते म्हणाले, "पाठ टेकायला नागपंचमी अजून लांब आहे." मग तिच्याकडे वळून हळूच म्हणाले, "यंदा बाळची पाळी. त्याचा लंगोट आणून ठेवलाय, कोनाड्यात बघ." त्यांच्या तोंडून या विषयावर निघालेले ते पहिले वाक्य. अर्जदारणीला सगळे ठाऊक आहे, हे त्यांना इतकी वर्षे ठाऊक होते, हे तिला त्या वेळी कळले.

शेवटच्या दिवशी त्यांना भुईवर घेतले. नागपंचमी लांबच होती. शेवटच्या आंघोळीचे पाणी अर्जदारणीनेच तापवले. पाठीला माती नव्हती.

तात्पर्य, वडील बाळला एक पडणे देणे लागतात, आणि ते कोणी फेडावे हा प्रस्तुत अर्जाचा विषय आहे.

८. अर्जदारीण प्रथम दगडू वस्तादांकडेच गेली. तालमीच्या उंबऱ्याबाहेर उभी राहून तिने त्यांना सर्व हकिकत सांगितली. गावात हे सांगितलेला तो एकटाच माणूस. त्यांनी लक्ष देऊन ऐकले आणि म्हणाले, "बाई, तुमच्या वडलांबद्दल मला लई आदर हाय. पर खोटं पडायचं म्हंजे मातीशी बेइमानी. ते माज्याच्यानं व्हनार न्हाई."

अर्जदारणीने सांगितले की ते खोटे नव्हते. तिने मारुतीला विचारून घेतले होते, क्लार्कांना विचारून घेतले होते. सगळ्यांच्या हकिकतीत एक गोष्ट सारखी होती. पहिले तीनचार डाव चुकले तेव्हा वस्ताद खांबासारखे उभे राहिले. ज्या डावात पाय, हात आणि खांदा तिन्ही जागच्या जागी बसले त्याच डावाला ते पडले. डाव खराच होता; समोरचा माणूस थोडा हलका झाला, एवढेच.

त्यावर दगडू वस्ताद जे बोलले ते लिहिण्याची परवानगी अर्जदारणीने त्यांच्याकडून घेतली आहे. ते म्हणाले, "बाई, खरं सांगू? मला पडायाच येत न्हाई. माज्यापुढं कंदी कुनी वस्ताद पडलाच न्हाई. बघितलं असतं तर शिकलो असतो."

त्या दिवसापासून अर्जदारणीच्या मनात त्यांच्याविषयी राग उरलेला नाही. परंतु अडचण तशीच राहिली.

९. इतर शिष्यांपैकी कोणास सांगावे, तर तेही शक्य नाही. मारुतीला सांगायचे म्हणजे आधी त्याला त्याची नागपंचमी परत मागावी लागेल. क्लार्कांची तर आयुष्याची मिळकत तेवढीच आहे. तिच्याच बळावर ते गोऱ्या स्टेशन मास्तरांपुढे ताठ उभे राहतात. वडिलांनी दिलेले काढून घेण्याचा अधिकार लेकीला नाही.

तेव्हा असा माणूस पाहिजे ज्याला वडिलांचे पडणे ठाऊक आहे आणि ते कळल्याने ज्याचे काही हिरावले जाणार नाही. तो माणूस तेराव्याला सर्वांत शेवटी, दिवेलागणीला आला. घोडा लांब बांधून, शिपाई मागे ठेवून. ओसरीवर बसला नाही. उभ्या उभ्या एवढेच बोलला, "गोदूबाई, मी त्यांना कधीच पाडलं नाही. एकदाही नाही." आणि गेला.

रावसाहेब, त्या दिवशी एवढ्या मंडळींत हे वाक्य बोलणारे आपण एकटे होतात.

१०. आपल्या नागपंचमीची गोष्ट वडिलांनी आजारात, कुशीवर निजल्या निजल्या, सांगितली. आपण टांग लावलीत, ते पडले, आणि आपण उठून शड्डू ठोकण्याऐवजी तिथेच उभे राहून रडू लागलात. "वस्ताद, तुम्ही पडलात. मी पाडलं नाही," असे आपण म्हणालात. लंगोट घेतला नाहीत. त्यानंतर वर्षभर रोज आलात, रोज त्यांना धरलेत, एकदाही ते हलले नाहीत, आणि मग शिक्षणासाठी पुण्याला निघून गेलात. आपण अपयशी शिष्य, असे आपल्याला आजवर वाटत आले असावे, असा अर्जदारणीचा तर्क आहे. तेराव्याच्या आपल्या आवाजावरून तो तिने केला. चूक असल्यास क्षमा असावी.

परंतु वडिलांनी त्यापुढे जे सांगितले ते आपल्यापर्यंत पोचवणे तिचे कर्तव्य आहे. ते म्हणाले, "श्रीपादला कळलं, कारण त्याचा डाव सगळ्यांत बरोबर बसला होता. ज्याचा डाव अर्धाच बसतो त्याला आपल्या जोराचीच धुंदी असते. ज्याचा पुरा बसतो त्याला समोरच्याचं वजन कळतं. माझं वजन कमी झालेलं त्या एका पोराला कळलं. तसा हात मी पुन्हा बघितला नाही. हे त्याला सांगायचं राहिलं. ते पोर रडत होतं आणि मला काही सुचलं नाही, मी आपली माती सारखी करत बसलो."

११. सबब आपणास पुढीलप्रमाणे विनंती आहे.

नागपंचमीच्या पहाटे, गाव जमण्याच्या आधी, आपण तालमीत यावे. जुन्या शिष्याला वस्तादांच्या मातीला हात लावावासा वाटला, एवढे कारण पुरे आहे. त्यासाठी कचेरीचा हुकूम लागत नाही. दगडू वस्ताद बाळला आत ढकलतील आणि दार बाहेरून ओढून घेतील. आपण बाळशी एक कुस्ती खेळावी आणि योग्य वेळी चीत व्हावे.

तालुक्याच्या मामलेदाराने भाजीवालीच्या मुलाकडून चीत व्हावे, ही विनंती आजवर कोणत्याही कचेरीत आली नसेल, याची अर्जदारणीला कल्पना आहे. आपल्या हुद्द्याला ते शोभत नाही हेही तिला मान्य आहे. परंतु त्या पहाटे हुद्दा खुंटीवर असेल. हल्ली कचेरीत बसून आपली प्रकृती किंचित भरलेली आहे, असे आदराने नमूद करावेसे वाटते. याचा उपयोगच होईल. जड माणूस पडला म्हणजे आवाज चांगला येतो, आणि तो आवाज त्या मुलाने ऐकणे जरूर आहे.

मात्र बाळची टांग बरोबर बसेपर्यंत पडू नये. त्याचे पहिले डाव चुकतील. आपल्याला दया येईल. तेव्हा खांबासारखे उभे राहावे. चुकलेल्या डावाला आपण पडलात तर ती सरकारची मेहेरबानी होईल. बसलेल्या डावाला पडलात तर ते शिकवणे होईल. हा फरक करू शकणारा दुसरा माणूस अर्जदारणीच्या माहितीत नाही, म्हणून ही तसदी.

दगडू वस्तादांनी एकच अट घातली आहे. दाराला फट आहे. तिच्यातून त्यांना बघू द्यावे. ते म्हणतात, एकदा बघितले की पुढच्या वर्षी त्यांना जमेल. आणि गावासमोर नावे कमी करण्याचा कार्यक्रम, पाऊस फार आहे या सबबीवर, ते स्वतःहून पुढे ढकलतील. त्या दिवशी ऊन पडले तरी पाऊस फार आहे असे ते म्हणतील. खोटे बोलण्याची ही त्यांची सुरुवात असल्याने आपण सांभाळून घ्यावे.

१२. शिलेच्या प्रकरणात अर्जदारणीचे म्हणणे असे की आलेल्या सर्व अर्जांना "चौकशी सुरू आहे" असे उत्तर द्यावे आणि चौकशी कधीच पुरी करू नये. शिलेवर "विश्राम वस्ताद" एवढेच कोरावे. अपवादाची जागा मोकळी राहिली तर तीत ज्याला त्याला आपले नाव वाचता येईल.

हा अर्ज दफ्तरी न लावता अर्जदारणीस परत द्यावा. आखाड्याची आण तिने कधी घेतलेली नाही, म्हणून ती मोडल्याचा दोष तिला लागत नाही. आपल्याला मात्र लागेल.

पुष्कळ वर्षांनी आंबिवलीचा एक म्हातारा कोणाच्या तरी ओसरीवर वाकून सांगेल की कोनाला बोलू नका, पण पोरवयात मी एकदा मामलेदाराला पाडला होता. ऐकणारे हसतील. अर्जदारीण तोवर असली तर ती म्हणेल, "असं का? रावसाहेब कधी बोलले नाहीत हो."

नागपंचमीला ती नेहमीप्रमाणे पहाटे उठेल आणि हंडा तापवून तालमीमागच्या विहिरीवर ठेवील. पाठ चोळण्याची सोय मात्र आपली आपण करावी, आणि घरी काय सांगायचे तेही आपणच ठरवावे. लाल माती सहजी निघत नाही. पाणी कढत असताना घ्यावे. गार झाल्यावर उपयोग होत नाही.

उत्तर लेखी नको. पहाटे घोड्याच्या टापा ऐकू आल्या म्हणजे ते पोचले.

आपल्या वस्तादांची लेक,
गोदूबाई
आषाढ वद्य ९, शके १८१०
कल्याण

सोबत: लाल लंगोट एक, नवा, वडिलांच्या कोनाड्यातला. पडून झाल्यावर आपल्या हाताने बाळला द्यावा. त्याच कोनाड्यात, त्याच्या खाली, आणखी एक निघाला. तो जुना आहे, रंग उडालेला, पण कधी वापरलेला नाही. कोणीतरी तेव्हा घेतला नव्हता. तोही पाठवीत आहे.